तपासणीचं घर

त्या घरात कोणी राहत नव्हतं, तरी दारात पायपुसणं होतं. नाईकाने त्यावर बूट पुसले. बूट स्वच्छच होते, अगदी तोंड दिसेल असे. आदल्या संध्याकाळी बसून त्याने ते घासले होते. तरी त्याने ते पुसले आणि मगच आत पाऊल टाकलं.

घर म्हणजे खरं तर दवाखान्याचाच एक भाग. लांबलचक कॉरिडॉर, एका बाजूला एक्स-रेची खोली, दुसऱ्या बाजूला लाकडी आणि प्लॅस्टिकचे पाय तयार करायचा कारखाना, आणि मधल्या एका दारामागे हे घर: ओटा, टेबल, चार खुर्च्या, पलंग, न्हाणीघर. सैन्यात जायबंदी झालेल्या माणसांना इथे आणून बघत असत, की रोजचं जगणं त्यांना कितपत जमतं आहे आणि त्यावरून कोणतं काम जमेल. गॅस खरा, पाणी खरं, पलंग खरा. पण कपाटातले कपडे कुणाचेच नव्हते. टेलिफोनला वायर नव्हती. मागचं दार उघडलं तर समोर भिंत. खिडकीच्या जागी झाडांचं एक भलं मोठं चित्र लावलेलं होतं आणि त्याच्यामागे दिवा, त्यामुळे त्या घरात कायम सकाळच असायची. फडताळावर फ्रेममध्ये एक हसरं कुटुंब होतं. फ्रेम विकत आणताना आत जो फोटो असतो, तोच. कुणी काढून टाकला नव्हता.

नाईकाला ते घर एकदम आवडलं. आपण सुट्टीवर आलो आहोत आणि चुकून दुसऱ्याच्याच घरी उतरलो आहोत, असं काहीतरी त्याला वाटलं.

नाईक हा त्याचा सैन्यातला हुद्दा. सैन्य सुटलं, हुद्दा चिकटून राहिला. दूधवाला, शेजारीपाजारी, सगळे त्याला नाईकच म्हणत. बायकोला मात्र गल्लीने 'हवालदारीण' केलं होतं, म्हणजे नवऱ्यापेक्षा एक पायरी वर. कारण सकाळी तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. "अहो, उठा! दाढी! अहो, मोजा दुसरा! दुसरा पायही तुमचाच आहे ना? आता चहा घ्या. नुसता बघू नका त्याच्याकडे, प्या!" खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणायचे, "नाईक, तुमच्याकडे अजून परेड चालू आहे वाटतं." नाईक हसायचा. बायकांना सवय असते बोलायची, असं त्याचं मत होतं. एकदा कामावर जायला लागलो की थांबेल हे सगळं.

त्या कामासाठीच आजची तपासणी होती. टेकडीवर शहराची पाण्याची टाकी होती आणि पायथ्याशी पंपहाऊस. दोन मोटारी, भिंतीवर एक काटा. काटा लाल खुणेपाशी आला की मोटार बंद करायची. नाही केली, तर टाकी भरून वाहते आणि पाणी उतारावरच्या घरांत शिरतं. एका पाळीला एकच माणूस. बायकोचा धाकटा भाऊ तिथे सुपरवायझर होता. तो म्हणाला होता, "दाजी, काम कसलं, नुसतं बघत बसायचं. जगात बघत बसायचा पगार कुणाला मिळतो? एक मला आणि एक तुम्हाला." मग जरा चाचरत त्याने सांगितलं होतं, की वरून एक कागद मागतात, 'एकट्याने काम करण्यास सक्षम' असा. तेवढा आणा.

नाईक एकदा जाऊन ते पंपहाऊस बघून आला होता. जाड भिंती, गारवा, आणि कुठेतरी खाली सतत पाण्याचा आवाज. तिथून परत आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. हा कागद मिळाला, तर तो पुन्हा कामाचा माणूस होणार होता. आणि त्याच्यापायी चष्म्याच्या दुकानातली काचा घासायची नोकरी सोडून घरी बसलेली बायकोही परत आपल्या कामावर जाणार होती. दुकानदाराने तिची जागा अजून भरली नव्हती, पण किती दिवस रिकामी ठेवणार?

अडचण होती ती डाव्या हाताची. निदान सगळे तसंच समजत होते. गाडी सुरुंगावर गेली तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं ताठ झालं. कपाळालाही मार बसला होता, पण ती जखम भरली, केसांत लपली आणि विसरली गेली. हाताला मात्र नाईकाने सरळ केलं होतं. वाटाणे निवडणं, बटणं लावणं, बुटाची नाडी बांधणं. बायको समोर बसून सांगायची आणि तो करायचा. आता उरलेल्या बोटांनी तो सुईतसुद्धा दोरा ओवत असे.

"बसा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

नाईक बसला. बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती, नाक लाल होतं आणि कानामागे पेन्सिल होती.

"काही अडचण?"

"काही नाही मॅडम. सगळं ठीक."

"कशाची अडचण ते मी अजून विचारलंच नाही."

"तरी ठीकच आहे मॅडम."

बाई हसल्या आणि त्यांना शिंक आली. "तुम्ही सगळे सारखेच. मागच्या आठवड्यात एक जण आले होते, पाय गुडघ्यापासून नाही. तेही म्हणाले, सगळं ठीक."

"मग काय सांगणार मॅडम? इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाला कोणी रडगाणं ऐकवतं का?"

"मी साहेब नाही आणि हे इन्स्पेक्शन नाही."

नाईकाने मान डोलावली. पण पाठ खुर्चीला टेकवली नाही.

मग तपासणी सुरू झाली. चहा करा, बाई म्हणाल्या. नाईक उठला. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून, अर्धवट उघड्या दारातून आवाज आला, "अहो, आधी भांडं विसळून घ्या!"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "सौभाग्यवती?"

"आमचं हेडक्वार्टर," नाईक म्हणाला.

चहा झाला. "अहो, गॅस बंद केलात का?" गॅस बंद झाला. पलंग आवरा, बाई म्हणाल्या, आणि नाईकाने चादर अशी ताणली, की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. "अहो, उशी!" उशी जागेवर गेली. बाई पेन्सिल चावत ऐकत होत्या. हळूहळू त्या नाईकाकडे कमी आणि दाराकडे जास्त बघायला लागल्या. शेवटी त्या उठून बाहेर गेल्या.

"वहिनी, वर गच्चीवर कॅन्टीन आहे. तिथला चहा वाईट असतो, पण खुर्च्या चांगल्या आहेत. मी बोलावीपर्यंत तुम्ही तिथेच बसा."

"मी काही बोलत नाही हो, नुसती बसलेय."

"म्हणूनच म्हणते. तिकडे नुसतं बसायला जागा जास्त आहे."

चपलांचा आवाज दूर गेला. नंतरचं सगळं बाईंनीच सांगितलं आणि नाईकाने केलं. सदरा घाला. काढा. डबा उघडा. ही सुतळी बांधा. ह्या पायऱ्या चढा. पायऱ्या तीनच होत्या आणि कुठेच जात नव्हत्या. वर चढून फक्त परत उतरायचं. त्याने चढून उतरून दाखवलं. पाण्याने भरलेली बादली उचलून दाखवली. कात्री चालवली. बाई खुणा करत गेल्या आणि एकदा त्यांच्या तोंडून "वा" निघालं, तेव्हा नाईकाच्या छातीत पंपहाऊसची मोटार सुरू झाल्यासारखं झालं.

"हात उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "यादी संपली."

"मग मॅडम, तो कागद..."

"एक गोष्ट राहिली. ती यादीत नाही, माझी आहे. आता मी बाहेर जाते. घर तुमचंच आहे असं समजा. ओट्यावर बटाटे आहेत, अंडी आहेत, पाव आहे. भूक लागेल तेव्हा जेवा, वाटेल ते करा. मी काहीही सांगणार नाही. भिंतीतल्या त्या काळ्या काचेमागून बघत असेन, ते आत्ताच सांगून ठेवते. हीसुद्धा तपासणीच आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

नाईकाला हसू आलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा निघावा, तसं झालं होतं. दार लागलं. सपाट चपला घातलेल्या त्या बाईंच्या पावलांचा आवाज कसा तो आलाच नाही.

बटाटे उकडावेत, त्याने ठरवलं. पातेलं घेतलं, नळाखाली ठेवलं, नळ सोडला. बारीक धार पातेल्याच्या तळाशी वाजायला लागली. पातेलं भरेपर्यंत काय करायचं, म्हणून त्याने टोपलीतला एक बटाटा उचलला आणि खुर्चीत बसला.

बटाट्याला माती होती. अंगठ्याने त्याने ती थोडी खरवडली. आतून पिवळट, ओलसर साल दिसली. बटाट्याला डोळे असतात, ही किती गमतीची गोष्ट आहे, त्याला वाटलं. जमिनीत अंधारात बसून हे कुणाकडे बघत असतील?

पाण्याचा आवाज आता बदलला होता, जाड झाला होता. फडताळावरचं कुटुंब हसत होतं. बापाने चौकडीचा स्वेटर घातला होता. ही माणसं कुठे गेली असतील? सकाळीच बाहेर पडली असतील. खिडकीतल्या त्या झाडांच्या वाटेने. येतील आता. आली, तर म्हणतील, हा कोण आपल्या खुर्चीत बसला आहे? मग आपण उभं राहायचं आणि म्हणायचं, सुट्टीवर आलो आहे, चुकून इथे उतरलो. ती चांगली माणसं दिसतात. म्हणतील, बसा हो, आम्ही बटाटे करतोच आहोत.

झाडांच्या चित्रात एक पान होतं, बाकीच्यांपेक्षा थोडं फिकट. त्या पानाच्या मागे काय असेल, ते दिसत नव्हतं. नाईक तिथे बघत राहिला आणि चित्र हळूहळू खोल झालं. झाडांमधून एक नदी वाहत होती. ती त्याच्या ओळखीची होती. तिच्यातून तुकडीतले ते सगळे एका ओळीत गेले होते, बंदुका डोक्यावर धरून, छातीएवढ्या पाण्यातून, आणि पुढच्याने मागच्याला हळूच सांगायचं, इथे दगड आहे, इथे खड्डा आहे. शब्द ओळीतून मागे मागे जायचे. दगड आहे. खड्डा आहे. आता ओळीत सगळ्यांत पुढे तो स्वेटरवाला माणूस चालत होता, आणि तो काहीच सांगत नव्हता. तरी पाणी उबदार होतं. पाय टेकत नव्हते आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

मध्येच भूक आली. दारात पाहुणा यावा, तशी ती जराशी टेकली, कुणी विचारपूस केली नाही म्हणून निघून गेली.

उठायचं आहे, हे त्याला माहीत होतं. ते अगदी स्वच्छ माहीत होतं. पण ते माहीत असणं आणि उठणं यांच्यामध्ये एक लहानसा जिना असतो. सगळ्यांच्याच घरी असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तो जिना कुणीतरी काढून नेला होता. वरच्या मजल्यावर नाईक होता, खालच्या मजल्यावर नाईकाचे पाय होते, आणि दोघेही निवांत होते.

नदी वाहत राहिली.

"नाईक."

बाई समोर उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याला पिशवी होती आणि हातात छत्री. त्या कधी आल्या ते कळलंच नाही.

"किती वेळ झाला असेल, सांगता येईल?"

"पाच-दहा मिनिटं, मॅडम."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. कॉरिडॉरमधले दिवे लागले होते. पलीकडच्या खऱ्या खिडकीत आकाश जांभळं झालं होतं. पायांच्या कारखान्यातली माणसं डबे हातात घेऊन घरी निघाली होती, त्यांच्यातला एक जण जाताना बाईंना म्हणाला, "येतो बाई, उद्या."

नाईकाने हातातल्या बटाट्याकडे पाहिलं. बटाटा हाताइतकाच गरम झाला होता.

"मी मध्ये जेवूनही आले," बाई म्हणाल्या. "तुम्ही उपाशी असताना. माफ करा मला."

"नाही नाही मॅडम, मी..." नाईकाने घसा साफ केला. "काय बनवावं ते ठरवत होतो. जरा आराम पण केला. सकाळपासून कामं झाली ना."

"असं म्हणालात तर मी तसंच लिहीन. आराम केला. आराम करायची बंदी नाही. तुमच्या डोक्यात मला डोकावता येत नाही, नाईक. तुम्ही सांगाल तेच मला माहीत. बसायचं तुम्ही ठरवलं होतं, की उठायचं राहून गेलं?"

तिथे कागद होता. एका वाक्याच्या अंतरावर होता. जाड भिंती, गारवा, भिंतीवरचा काटा. 'ठरवलं होतं मॅडम.' तेवढं म्हणायचं, सही घ्यायची आणि जायचं. त्याचं तोंड उघडलंही होतं.

"अहो! नळ वाहतोय!"

बायको दारात उभी होती. आणि नाईक ओट्यापाशी उभा होता, त्याचा हात नळावर होता आणि नळ बंद झालेला होता. मधलं काहीच त्याला आठवेना. तो कधी उठला? कुणी उठवलं?

पातेलं काठोकाठ भरून, थरथरत, नुकतंच वाहायचं थांबलं होतं. पातेल्याने मोरीचं भोक जवळजवळ बंद केलं होतं, त्यामुळे उरलेलं पाणी ओट्याच्या कडेने खाली गेलं होतं, फरशीवरून टेबलापर्यंत आलं होतं आणि खुर्चीच्या पायांशी थांबलं होतं. आपले ते घासलेले बूट ओले झाले आहेत, हे त्याला आत्ता जाणवलं. इतका वेळ तो आवाज त्याने ऐकला होता. सगळा ऐकला होता. त्याला तो नदीचा वाटला होता.

बायको पदर खोचून फडकं शोधायला लागली. "हे काय हो बाई, जेवायलाही दिलं नाहीत यांना? केवढे दमलेत बघा. वर चार कप चहा झाले माझे, कोणी बोलवायलाच येईना. म्हटलं, काय झालं तरी काय? घरी सगळं करतात हो हे. सगळं. मला बोट लावू देत नाहीत."

"घरी त्यांना कोण सांगतं?" बाईंनी विचारलं.

"कोण सांगणार? काही सांगावं लागत नाही. मी आपली जरा..." ती फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. "मी आपली जरा आठवण करते. उठा म्हणून. जेवा म्हणून."

"आणि नाही केली तर?"

नाईकाने तिच्याकडे पाहिलं. त्याला दिसलं, की हे तिला माहीत होतं. शब्दांत माहीत नव्हतं, पण अंगाने माहीत होतं, जसं चिमणीला पिलाचं माहीत असतं. शेजारणीकडे गेली, तर ती खिडकीतून हाक मारायची. बाजारात गेली, तर धावत यायची. चष्म्याचं दुकान तिने त्याच्या हातासाठी सोडलं, असं तो समजत होता.

"मॅडम," नाईक म्हणाला. त्याने टाचा जुळवल्या. ते त्याने ठरवून केलं नाही. "रिपोर्ट द्यायचा आहे."

"द्या."

"पहाऱ्यावर होतो मॅडम. झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते, कान उघडे होते. पण पहाऱ्यावर कोणी नव्हतं."

बायकोने मधेच "अहो, काहीतरीच" असं म्हणायला सुरुवात केली आणि ते तिथेच सोडून दिलं.

"आत्ता मी उठलो, तो मी उठलो नाही," नाईक म्हणाला. "हिने उठवलं. सकाळी तुम्ही उठवलंत. चहा करा म्हणालात, केला. पायऱ्या चढा म्हणालात, चढलो. सैन्यात तर काय, सगळं कुणीतरी सांगतंच. मला वाटायचं, हात गेला. हात काही गेला नाही मॅडम. दुसरंच काहीतरी गेलं, आणि ते गेल्याचा कुणाला आवाजच आला नाही."

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या ओल्या फरशीवरच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी नाक पुसलं. ते सर्दीमुळेच असावं.

"कपाळाला मार बसला की असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "हातपाय शाबूत, बुद्धी शाबूत, पण सुरुवात होत नाही. माणूस आळशी नसतो, वेडा तर नसतोच. गंमत अशी, की आम्ही तपासताना 'हे करा, ते करा' म्हणतो, आणि त्यामुळेच ते आम्हाला सापडत नाही. हुकमावर चालणाऱ्या तुम्हा सैन्यातल्या लोकांच्या बाबतीत तर अजिबात नाही." मग त्यांनी सरळच सांगितलं. "एकट्याने काम करण्यास सक्षम, असं मी लिहू शकत नाही. काम करू शकतील, असं लिहीन. शेजारी माणूस हवा, किंवा एका हातातून दुसऱ्या हातात जाणारं काम हवं, असं. आणि घरी उपाय आहेत. घंटा लावता येतात, सवयी लावता येतात. थोडं सुधारतं. सगळं सुधारेल, असं मी म्हणणार नाही."

"आणि पंपहाऊस?" बायकोने विचारलं. उत्तर माहीत असलेल्या माणसाने विचारावं, तसं.

"तिथे माणूस एकटाच असतो ना?"

मग बायकोने खाली बसून फरशी पुसायला घेतली, बाईही चपला काढून फडकं पिळायला लागल्या, आणि नाईकाला कोणीतरी म्हणालं, "ती बादली द्या," तेव्हा त्याने बादली दिली. देताना पहिल्यांदाच त्याचं स्वतःकडे लक्ष होतं.

खाली उतरून ते दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसले. समोर रस्ता होता, सुटलेली माणसं होती, सायकलींच्या घंटा होत्या. दुकानांचे दिवे एकेक करून लागत होते. संध्याकाळ अशी मऊ होती, की आपण अजून त्या चित्रातच बसलो आहोत की काय, असं नाईकाला वाटून गेलं. पण बूट ओले होते. चित्रात बूट ओले होत नाहीत.

"भावाला मी सांगते," बायको म्हणाली. "म्हणते, डॉक्टरांनी जरा थांबायला सांगितलंय."

"थांबायला नाही सांगितलं."

"तसं म्हणायचं आपलं."

"नको. मीच सांगतो."

"बरं, सांगा."

नाईकाने खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. एक बाई लहान मुलीला उचलून घेऊन पलीकडे गेली. हातगाडीच्या चाकाला तेल हवं होतं. त्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला, बारीक होत होत कोपऱ्यावर वळला.

नाईकाने पाहिलं, फोन मांडीवर तसाच होता.

म्हणजे हे असं असतं तर. पाण्यात पाय घालावा, तसा तो या वेळी जागेपणी त्या राहून जाण्यात उतरला होता आणि कसाबसा काठाला आला होता.

"अगं," तो म्हणाला. "मला सांग."

"काय सांगू?"

"फोन कर, म्हणून सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस सकाळ-संध्याकाळ ती सांगत आली होती. उठा, बसा, खा, प्या, काही म्हणून विचार करावा लागला नव्हता. आता त्याने स्वतः मागितलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रागवायची नाहीस ना?" त्याने विचारलं. "दुकानाचं तुझं..."

"दुकानाचं माझं मी बघेन. गप्प बसा." मग ती खूप हळू म्हणाली, शेजारच्या बाकालाही ऐकू गेलं नसतं इतकं हळू, "फोन करा."

त्याने केला.

"बोला दाजी!" मेव्हण्याच्या आवाजामागे मोटारी घुमत होत्या. "मिळाला कागद? कधीपासून येताय बघत बसायला?"

"कागद मिळाला. पण तू मागितलास तो नाही." नाईकाने एकदा श्वास घेतला. "मी एकटा तिथे बसलो, तर गल्ल्या बुडतील रे. मला काटा दिसेल आणि मी तो बघतच राहीन. शेजारी कुणी 'उठा' म्हणणारा असेल, तर दोन माणसांचं काम करीन. असं काही असलं तुमच्याकडे, तर सांग. नसलं, तर तसं सांग. माझ्यासाठी खोटं मात्र काही करू नकोस."

मेव्हणा एरवी हजरजबाबी माणूस. आता पलीकडून मोटारी तेवढ्या घुमत राहिल्या, आणि त्यांच्याखाली, खोल कुठेतरी, पाणी चढत होतं.

बायकोने खुणेनेच विचारलं, काय म्हणतोय? नाईकाने हाताने तिला थांब म्हटलं. फोन कानाला धरून तो बसला होता. आपण थांबलो आहोत आणि कशासाठी थांबलो आहोत, हे त्याला या वेळी कळत होतं.